छत्तीस रोमन चांदीची नाणी: ओळख पटवण्याच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

एकूण नाणी ३६. सगळी चांदीची किंवा चांदीची म्हणून आलेली. प्रत्येकाला क्रमांक दिला, गंधकविरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवलं आणि पाकिटावर पेन्सिलीनं क्रमांक घातला. हा क्रमांक शेवटपर्यंत बदलायचा नाही, ओळख बदलली तरी नाही.

साहित्य: ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, प्लास्टिकच्या जबड्यांचं कॅलिपर (लोखंडी जबडे काठावर ओरखडे पाडतात), दहापट भिंग, मान वळणारे दोन दिवे आणि काळं मखमली कापड. ते अंथरायचंच. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि फरशीवर पडली तर काचेसारखी तुटते. नाणं वाजवून पाहायची आपली जुनी पद्धतही इथे बंद. खणखणीत की बद्द, हे ऐकण्याच्या नादात दोन हजार वर्षांचं नाणं दुभंगू शकतं. शिवाय अस्सल पण आतून स्फटिकासारखं झालेलं नाणंही बद्दच वाजतं, त्यामुळे निकाल चुकतो तो वेगळाच.

साफसफाई करायची नाही. अपवाद चार नाण्यांचा. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटांमुळे त्यांच्यावर हिरवट चिकट थर बसलाय. ती काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये तासभर ठेवली, ॲसिटोन एकदा बदललं आणि नाणी कापडावर आपोआप सुकू दिली. घासायचं काहीच नाही.

लेखनाचा नियम: नाण्यावरचे लॅटिन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत, सुटी अक्षरं त्यांच्या नावानं, रोमन आकडे आपल्या आकड्यांत. न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं. अंदाजानं भरलेलं अक्षर चौकटी कंसात, नाहीतर महिन्याभरानं वाचलेलं कोणतं आणि मानलेलं कोणतं हे कळेनासं होतं.

६ जानेवारी

वजन आणि व्यास. चेहऱ्याकडे बघण्याआधी हे काम, कारण वजन बोलतं ते चेहऱ्यापेक्षा खात्रीचं असतं.

तीन ढीग पडले. १७ ते १९ मिलिमीटरची, डोक्यावर पानांची माळ किंवा उघडं डोकं असलेली २४ नाणी म्हणजे देनारियस, रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं. २० ते २३ मिलिमीटरची, टोकदार किरणांचा मुकुट असलेली ९ म्हणजे अँटोनिनियानस. हे नाणं सम्राट कॅराकॅलानं इ.स. २१५ मध्ये सुरू केलं. उरलेली ३ पातळ, मोत्यांच्या पट्ट्याचा मुकुट असलेली, म्हणजे चौथ्या शतकातली सिलिक्वा.

किरणमुकुट फक्त पुरुषांना. राणीच्या त्याच किमतीच्या नाण्यावर खांद्यांमागे चंद्रकोर असते. कोर झिजली तर राणीचं अँटोनिनियानस देनारियसच्या ढिगात जातं, म्हणून स्त्रियांची नाणी आधी व्यासावरून वेगळी केली.

वजनाची शिडी भिंतीवर लावली. ऑगस्टसच्या काळी एका रोमन रत्तलात ८४ देनारियस, म्हणजे नाण्यामागे सुमारे ३.९ ग्रॅम. नीरोनं इ.स. ६४ च्या सुमारास ९६ केली, म्हणजे सुमारे ३.४. नंतर वजन फारसं ढळलं नाही, कस ढळला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्मी उरली. अँटोनिनियानस सुरुवातीला सुमारे ५ ग्रॅमचं, डेसियसच्या वेळी ४ च्या आसपास, गॅलियेनसच्या एकट्याच्या राज्यात (२६०–२६८) बहुधा ३ किंवा त्याहून कमी.

झिजलेल्या नाण्याचं वजन खालच्या बाजूनं चुकतं, वरच्या बाजूनं कधीच नाही. ३.७५ ग्रॅमचं अस्सल नाणं नीरोनं वजन घटवण्याच्या आधीचं असण्याचीच शक्यता जास्त. ३.१ ग्रॅमचं नाणं मात्र कुठलंही असू शकतं.

९ जानेवारी

लेख, म्हणजे नाण्यावरची अक्षरं, वाचणं. दिवा नाण्याच्या पातळीला आणून तिरका उजेड, मग नाणं हळूहळू फिरवायचं. एका कोनात न दिसणारं अक्षर दुसऱ्या कोनात उठून येतं. प्रत्येक बाजूचे किमान दोन फोटो, दिवा डावीकडे आणि दिवा वर.

लेख बहुतेक वेळा डाव्या खालच्या बाजूला, घड्याळातल्या सातच्या जागी सुरू होतो आणि काट्याच्या दिशेनं फिरतो. वेस्पाशियनच्या काही नाण्यांवर तो उलटा फिरतो. हे लक्षात न घेतल्यामुळे क्र. ८ चा अर्धा तास फुकट गेला. शब्दांत अंतर नसतं. 'यू' हे अक्षर नाही, त्याजागी 'व्ही'. चार हा आकडा बहुधा चार उभ्या रेघांनी काढलेला. 'सी' आणि 'जी', 'आय' आणि 'एल' यांत झिजेनंतर फरक उरत नाही.

नेहमी भेटणारी संक्षिप्त रूपं: 'इम्प' सेनापती, पुढे सम्राटपदाचाच शब्द. 'ऑग' ऑगस्टस, 'ऑग'मध्ये 'जी' दोनदा आला तर राज्यावर दोघे. 'पी एम' मुख्य पुरोहित. 'टी आर पी' लोकाधिकार, हा दरवर्षी नव्यानं मोजला जातो. 'कॉस' कॉन्सलपद, म्हणजे रोमचं सर्वोच्च शासकीय पद, हे दरवर्षी मिळेलच असं नाही. 'पी पी' राष्ट्रपिता.

साल काढायला 'टी आर पी'चा आकडा सगळ्यात कामाचा. 'कॉस'चा आकडा सम्राटानं पुन्हा पद घेईपर्यंत गोठून राहतो.

११ जानेवारी

क्र. ४ आणि क्र. २७. या दोन नाण्यांचं भारताशी थेट नातं आहे, म्हणून जरा सविस्तर.

क्र. ४: पुढे 'टी-आय सीझर दिवी ऑग एफ ऑगस्टस', म्हणजे टायबेरियस. मागे 'पॉन्टिफ मॅक्सिम', आसनावर उजवीकडे तोंड करून बसलेली स्त्री, हातात दंड आणि डहाळी. टांकसाळ लुग्डुनम, आजचं फ्रान्समधलं लियाँ. लेख वर्षानुवर्षं तोच राहिला, त्यामुळे साल लेखावरून निघत नाही. उपप्रकार ठरतात आसनाच्या पायांवरून: पाय साधे की नक्षीदार, आसनाखाली रेघ एक की दोन. इथे पाय नक्षीदार, म्हणजे नंतरचा गट. वजन ३.६८.

क्र. २७: पुढे 'सीझर ऑगस्टस दिवी एफ पेटर पेट्रिये'. मागे ऑगस्टसचे नातू गायस आणि लुसियस उभे, मधे दोन ढाली आणि भाले, वर पुरोहिताची पळी आणि वाकडी काठी. इ.स.पू. २ ते इ.स. ४ या काळातलं, लुग्डुनमचंच.

दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत हेच दोन प्रकार सर्वाधिक. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ली इथे मिळालेला ठेवाही याच धाटणीचा. इथल्या व्यापाऱ्यांनी चांगल्या कसाची, सारख्या छापाची नाणी पसंत केली असं दिसतं. नीरोनंतरचे देनारियस इथे विरळ. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी देऊन स्थानिक चलन फायद्यात घेता येतं, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये स्पष्ट लिहिलंय.

याच मागणीमुळे याच दोन प्रकारांच्या नकला भारतात पाडल्या गेल्या. म्हणून दोन्ही नाण्यांवरचं एकेक अक्षर तपासलं. नकलेत लेख नुसता रेघा आणि गोळ्यांचा होतो, कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं हे उघड दिसतं. क्र. ४ चा लेख शुद्ध. क्र. २७ वर मागच्या बाजूची तीन अक्षरं उलटी वाटली. भिंगाखाली कळलं की ती उलटी नाहीत, नाणं पाडताना ठसा सरकून दुहेरी उठलाय. अस्सल.

महाराष्ट्रातल्या संग्राहकांसाठी एक सूचना. पश्चिम भारतावर राज्य केलेल्या क्षत्रपांची चांदीची नाणी अनेकदा रोमन म्हणून पुढे येतात, कारण पुढे डोकं आणि कडेनं ग्रीक अक्षरं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला सापडलेल्या ठेव्यातली नहपानाची नाणी याच जातीची. फरक सोपा: वजन दोन ग्रॅमच्या आसपास, व्यास देनारियसपेक्षा लहान आणि मागे ब्राह्मी लेख. नहपानाच्या मागे बाण आणि वज्र, नंतरच्या क्षत्रपांच्या मागे तीन कमानींची टेकडी.

१४ जानेवारी

क्र. ८ वेस्पाशियन. मागे 'पॉन मॅक्स टी आर पी कॉस ६', बसलेली शांतिदेवता. कॉस ६ म्हणजे इ.स. ७५. पुढे जाण्यापूर्वी एक अडचण नोंदवतो: बाप आणि थोरला मुलगा टायटस, दोघांच्याही लेखात 'वेस्पाशियन' येतं. सुरुवातीला 'टी' किंवा 'टायटस' दिसतो का ते आधी बघायचं.

क्र. १५ डोमिशियन. पुढे 'टी आर पी ११', मागे 'इम्प २१ कॉस १६ सेन्स पी पी पी'. अकरावा लोकाधिकार सप्टेंबर ९१ ते सप्टेंबर ९२, सोळावं कॉन्सलपद ९२ चं. म्हणजे नाणं ९२ च्या पहिल्या नऊ महिन्यांतलं. दोन आकडे एकमेकांना कापतात तेव्हा कालखंड असा आवळून येतो.

मागे मिनर्व्हा ही रोमन देवी. डोमिशियनच्या देनारियसवर तिच्या चार ठरावीक मुद्रा: भाला उगारून उजवीकडे धावणारी; जहाजाच्या नाळेच्या खांबावर उभी, पायाशी घुबड; डावीकडे वळून हातात वज्र आणि भाला, पाठीशी ढाल; आणि नुसता भाला घेऊन डावीकडे उभी. क्र. १५ वर घुबड आहे, म्हणजे दुसरी. घुबड म्हणजे एक फुगीर टिंब आणि दोन खाचा, एवढंच उरलंय. पण त्या जागी दुसरं काही असूच शकत नाही.

सूचीचा क्रमांक लिहिताना आवृत्ती लिहिणं सक्तीचं. 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या मुख्य सूचीचा फ्लेव्हियन सम्राटांचा (वेस्पाशियन आणि त्याचे दोन मुलगे) भाग २००७ मध्ये आणि हेड्रियनचा २०१९ मध्ये नव्यानं निघाला आणि दोन्हींत क्रमांक बदलले. जुन्या पाकिटांवरचे क्रमांक नव्या सूचीत शोधले की भलतंच नाणं समोर येतं. या संचात आठ पाकिटांवर जुने क्रमांक होते.

१५ जानेवारी

हेड्रियनची दोन, क्र. २ आणि क्र. ३३. दोन्हींवर 'कॉस ३'. तिसरं कॉन्सलपद त्यानं ११९ मध्ये घेतलं आणि १३८ मध्ये मरेपर्यंत चौथं घेतलंच नाही, त्यामुळे या आकड्यात एकोणीस वर्षं मावतात. इथे साल नावाच्या मांडणीवरून. 'इम्प सीझर ट्रायान हेड्रियानस ऑग' सुरुवातीचं. 'हेड्रियानस ऑगस्टस' साधारण १२५ नंतर. त्याला 'पी पी' जोडलं की १२८ च्या पुढे. 'हेड्रियानस ऑग कॉस ३ पी पी' साधारण १३० ते १३८. क्र. २ पहिल्या गटात, क्र. ३३ शेवटच्या.

१८ ते २१ जानेवारी

अँटोनिनस. चार दिवस यातच गेले आणि ते जायलाच हवे होते. सगळ्यात जास्त चुकीच्या चिठ्ठ्या याच नावाच्या नाण्यांवर लागतात.

हे नाव किमान पाच सम्राटांच्या नाण्यांवर आहे: अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, कॅराकॅला आणि एलागाबालस. शेवटच्या दोघांना आपण ज्या टोपणनावांनी ओळखतो ती त्यांच्या नाण्यांवर कधीच येत नाहीत.

क्र. ११: 'अँटोनिनस ऑग पियस पी पी टी आर पी १७', मागे 'कॉस ४'. इथे 'ऑग' आधी, 'पियस' नंतर. हा क्रम अँटोनिनस पायसचा. सतरावा लोकाधिकार डिसेंबर १५३ ते डिसेंबर १५४.

क्र. १२: 'अँटोनिनस ऑग आर्मेनियाकस'. जुन्या पाकिटावर पायस लिहिलं होतं. पण आर्मेनियाचा विजेता ही पदवी मार्कस ऑरेलियसची. मागे गुडघे वर घेऊन बसलेली, हाताला डोकं टेकलेली शोकाकुल आर्मेनिया, खाली 'आर्मेन', कडेनं 'पी एम टी आर पी १८ इम्प २ कॉस ३'. डिसेंबर १६३ ते डिसेंबर १६४. नाव वाचून थांबायचं नाही, पदवीपर्यंत जायचं, हे या नाण्याइतकं दुसरं कोणतंच दाखवत नाही.

क्र. १७: 'अँटोनिनस पियस ऑग ब्रिट'. 'पियस' आधी, 'ऑग' नंतर, शिवाय 'ब्रिट'. कॅराकॅला, २१० ते २१३. कपाळाला आठ्या, आखूड दाढी.

क्र. १८ आणि क्र. २० खरे अवघड. दोन्हींवर 'अँटोनिनस पियस ऑग', दोन्ही चेहरे कोवळे. कॅराकॅलाची 'अँटोनिनस पियस ऑग' नाणी २०१ ते २१० ची, त्यांतल्या सुरुवातीच्या वर्षांत तो किशोरवयीन. एलागाबालसचा लेख 'इम्प अँटोनिनस पियस ऑग'. फरक फक्त सुरुवातीच्या 'इम्प'चा, आणि दोन्ही नाण्यांवर नेमकी तीच जागा धातूच्या चकतीबाहेर गेलेली, म्हणजे उमटलेलीच नाही. चेहऱ्यावरून ठरवू गेलो तर वाद संपत नाही.

मार्ग मागच्या बाजूनं निघाला. क्र. २० च्या मागे उजवा हात उंचावून चाबूक घेऊन चालणारा सूर्य, कडेला 'पी एम टी आर पी ४ कॉस ३ पी पी'. कॅराकॅलाचा बाप सेव्हेरस २११ पर्यंत जिवंत होता आणि तोवर मुख्य पुरोहित तोच. मुलाच्या नाण्यांवर त्या काळात 'पॉन्टिफ' येतं, 'पी एम' नाही. शिवाय कॅराकॅलाचं तिसरं कॉन्सलपद २०८ चं, तेव्हा त्याचा लोकाधिकार अकरावा. चौथा लोकाधिकार आणि तिसरं कॉन्सलपद ही जोडी त्याच्या आयुष्यात कुठे बसतच नाही. एलागाबालसच्या आयुष्यात बसते: इ.स. २२१. सूर्यापुढच्या मोकळ्या जागेत एक बारीक तारा आहे. आठ टोकांपैकी पाच दिसतात. ती एलागाबालसच्या रोमच्या नाण्यांवरची नेहमीची खूण. मळाखाली तो सुरुवातीला साधा डाग वाटला होता.

क्र. १८ च्या मागे 'पॉन्टिफ टी आर पी ८ कॉस २'. म्हणजे कॅराकॅला, इ.स. २०५.

फाउस्टिना नावाच्या दोन राण्यांची (थोरली अँटोनिनस पायसची बायको, धाकटी तिची मुलगी) क्र. ९ आणि क्र. १० याच दिवसांत उरकली. थोरलीचा अंबाडा डोक्यावर, धाकटीचा मानेवर. थोरलीच्या बहुतेक नाण्यांवर 'दिवा फाउस्टिना', कारण ती मरणोत्तर पाडली. पण धाकटीचीही मरणोत्तर नाणी आहेत, म्हणून 'दिवा' हा शब्द एकटा पुरत नाही, अंबाडा बघायचाच.

२४ जानेवारी

पाण्यातलं वजन. क्र. २२ वर संशय होता: ट्रेजन, वजन फक्त २.७१०, नाकाच्या शेंड्यावर तपकिरी ठिपका.

कृती: नाणं हवेत तोला. मग वजनकाट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्यानं सारलेल्या पाण्याचं वजन. हवेतलं वजन भागिले हा आकडा, गुणिले पाण्याची घनता. २५ अंशांना ती ०.९९७. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला की बुडबुडे चिकटत नाहीत. बुडबुडा चिकटला की घनता कमी दिसते आणि चांगलं नाणं हिणकस ठरतं.

साधा ०.०१ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. ३.२१ ग्रॅमचं नाणं ०.३१ ग्रॅम पाणी सारतं; त्यात ०.०१ इकडचं तिकडे झालं तर उत्तर १०.० ते १०.७ कुठेही जातं.

शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. नव्वद टक्के चांदी असेल तर १०.३१, ऐंशी टक्क्यांना १०.१४, निम्म्याला ९.६६.

क्र. १४, ट्रेजन: ३.२१४, पाणी ०.३१२. घनता १०.२७. ट्रेजनला शोभेल अशी.
क्र. १९, सेप्टिमियस सेव्हेरस: ३.०५०, पाणी ०.३१६. घनता ९.६२.
क्र. २२: २.७१०, पाणी ०.२९३. घनता ९.२२.

९.६२ हा आकडा बघून क्र. १९ ला बाद करणं ही नेहमीची चूक. सेव्हेरसच्या काळात टांकसाळीचीच चांदी निम्मी होती, तेव्हा हे नाणं अगदी बरोबर आहे. घनता नेहमी त्या त्या सम्राटाच्या कसाशी ताडायची, शुद्ध चांदीशी नाही.

क्र. २२ मात्र गेलं. पुढे ट्रेजनचा 'कॉस ६'पर्यंतचा लेख, म्हणजे ११२ किंवा नंतरचा. मागे 'कॉस ५ पी पी एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिन्क', म्हणजे १०३ ते १११ चा. नाण्याच्या दोन बाजू एकमेकींना खोटं पाडतात. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून जुन्या काळीच केलेलं खोटं नाणं. नाकावरचा ठिपका म्हणजे उघडा पडलेला गाभा. भिंगाखाली पत्र्याची कड उचललेली दिसते. असं नाणं टाकून द्यायचं नाही. तेही रोमन काळाचाच पुरावा आहे.

क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासणी करून घ्यावी का, यावर आमचं मत: ओळख पटवण्यासाठी गरज नाही, आणि निकाल जपून वाचावा. चकती तापवून आम्लात बुडवली की वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा जास्त चांदीचा होतो. यंत्र फक्त तो वरचा पापुद्रा वाचतं आणि कस वाढवून सांगतं.

२७ जानेवारी

सेव्हेरस घराण्याची उरलेली. सेप्टिमियसची राणी युलिया डोम्ना क्र. ६: 'युलिया ऑगस्टा', १९६ ते २११. नुसतं 'युलिया डोम्ना ऑग' असतं तर त्याआधीचं, 'युलिया पिया फेलिक्स ऑग' असतं तर मुलाच्या, कॅराकॅलाच्या, राज्यातलं.

क्र. २५ वर सेप्टिमियसचा लेख 'कॉस २' या अक्षरांनी पुढच्या बाजूलाच संपतो. रोमच्या टांकसाळीची ही पद्धत नव्हे. चेहरा लांबट, दाढीच्या बटा सुट्या, अक्षरं अडखळत कोरलेली. पूर्वेकडचं, सीरियातल्या एमेसाच्या मानल्या जाणाऱ्या गटातलं, १९४–१९५. पूर्वेकडच्या नाण्यांना शैलीवरून पटकन खोटं म्हणण्याची घाई होते. आधी लेख बघावा.

२८ जानेवारी

क्र. १३ आणि क्र. २९, दोन्ही सेव्हेरस अलेक्झांडर, दोन्ही 'इम्प अलेक्झांडर पियस ऑग' (२३१–२३५). हनुवटीखाली दोन्हींवर सारखीच खाच, त्याच जागी, त्याच आकाराची. एकाच ठशाची दोन नाणी सारखी असू शकतात. पण वापरताना लागलेली खाच दोन नाण्यांवर एकसारखी येऊ शकत नाही. दोन्ही एकाच नाण्यावरून ओतलेली. काठावर कानसलेली जोडरेघ, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, अक्षरांच्या पायथ्याशी बारीक छिद्रं. हातोड्यानं पाडलेल्या नाण्यावर अक्षरांपासून काठाकडे धातू वाहिल्याच्या रेषा असतात. इथे एकही नाही. जुनी की अलीकडची, हा प्रश्न दोन्ही चिठ्ठ्यांवर खुला ठेवला.

१ फेब्रुवारी

किरणमुकुटाची नऊ.

क्र. ३०: लेखात ठळक 'ट्रायानस', आणि जुन्या पाकिटावर 'ट्रेजन' लिहिलेलं. ट्रेजन ११७ मध्ये वारला; किरणमुकुटाचं चांदीचं नाणं त्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी आलं. पूर्ण लेख 'इम्प सी एम क्यू ट्रायानस डेसियस ऑग'. डेसियस, २४९–२५१. मागे 'डाकिया'. ढीग करताना मुकुट पाहिला असता तर ही चूक पाकिटावर आलीच नसती.

क्र. ३: फिलिप, 'सेक्युलारेस ऑग', 'जी' दोनदा, सिंह आणि खाली 'आय', म्हणजे १. रोमच्या हजाराव्या वर्षाच्या खेळांची ही मालिका, इ.स. २४८. खालचा आकडा टांकसाळीतल्या विभागाचा: सिंह पहिला, दूध पाजणारी लांडगीण दुसरा, पाणघोडा चौथा (तो राणी ओटासिलियाच्या नाण्यांवर). प्राणी झिजून ओळखू येईनासा झाला तरी आकड्यावरून शोध आटोक्यात येतो.

गॉर्डियन तिसरा चार नाणी, व्हॅलेरियन दोन. त्यांत अडलं काही नाही.

क्र. ३५ गॅलियेनस: तांबूस, कडेच्या खोबणीत चांदीचा अंश. हे मुलाम्याचं खोटं नाणं नव्हे. २६० नंतर टांकसाळीतून असंच बाहेर पडत होतं, चांदी काही टक्क्यांवर आली होती. मागे 'आयोवी कॉन्स ऑग' आणि बकरी.

४ फेब्रुवारी

सिलिक्वा. क्र. ५ ज्युलियन: मागे माळेत 'वॉट १० मुल्ट २०', खाली 'टी कॉन'. 'कॉन' दिसलं की कॉन्स्टँटिनोपल लिहायचा मोह होतो. पण आधी 'पी', 'एस' किंवा 'टी' असं विभागाचं अक्षर आणि मग 'कॉन' असेल तर ती आर्ल, दक्षिण फ्रान्समधली. ३५३ मध्ये तिचं नाव कॉन्स्टँटिना झालं होतं.

क्र. २३ व्हॅलेन्स, 'ऊर्ब्स रोमा', आजच्या जर्मनीतल्या ट्रियरच्या टांकसाळीची खूण. क्र. ३६ कडेनं कातरलेलं, वजन १.२९, लेखाची फक्त बुडं उरलीत. अशी कातरलेली नाणी ब्रिटनमध्ये खूप. १९९२ मध्ये हॉक्स्नला सापडलेल्या ठेव्यात चौदा हजारांवर सिलिक्वा होती आणि त्यांतली बरीचशी कातरलेली. कातरताना चेहरा बहुधा शाबूत ठेवलेला असतो, त्यामुळे सम्राटाचं नाव गेलं तरी मुकुटाच्या बांधणीवरून साधारण काळ लावता येतो.

७ फेब्रुवारी

शेवटचं उरलेलं क्र. ३१. इतकं झिजलंय की सुरुवातीला दोन्ही बाजू कोऱ्या वाटल्या. दिवा अगदी आडवा केल्यावर एका बाजूला वल्ह्यांची रांग आणि जहाजाचा बाक, दुसऱ्या बाजूला तीन उभ्या काठ्या, मधलीवर गरुड. मार्क अँटनीनं इ.स.पू. ३२–३१ मध्ये आपल्या सैन्यासाठी पाडलेलं नाणं. म्हणजे साम्राज्याच्या आधीचं. तरी ते अशा संचात हमखास येतं. कस कमी म्हणून कोणी ते वितळवायला साठवलं नाही आणि ते तिसऱ्या शतकापर्यंत हातोहात फिरत राहिलं.

सैन्यतुकडीचा क्रमांक गरुडाखाली 'लेग' या अक्षरांनंतर असतो. 'लेग'मधला 'एल' आणि 'ई' दिसतात. पुढे एक 'व्ही', त्यापुढे सपाट. पाच, सहा, सात, आठ, चारही शक्य. चार कोनांतून फोटो घेतले, 'व्ही'पासून काठीपर्यंत अंतर मोजलं: २.१ मिलिमीटर. एवढ्या जागेत तीन रेघा दाटीवाटीनं बसतात, म्हणून आठही सोडता येत नाही. 'व्ही'आधी 'एक्स' नाही, एवढं नक्की. तिथला पृष्ठभाग चांगला आहे.

चिठ्ठी: «क्र. ३१. देनारियस. मार्क अँटनी, इ.स.पू. ३२–३१, फिरती टांकसाळ. वजन ३.०२ ग्रॅम, व्यास १७.४ मिमी. लेग व्ही…, तुकडी ५ ते ८ पैकी. फोटो ३१-अ ते ३१-ई.»